व्हॉल्व्हचं ऑपरेशन, घरी आल्यावरचे तीन महिने आणि एक शंभर पानी वही

आमच्या फ्रिजवर एक शंभर पानी वही असते, दोऱ्याने पेन बांधलेलं. त्यात तारीख, आयएनआरचा (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा) आकडा, रक्त पातळ करायच्या गोळीचा डोस आणि पुढची टेस्ट कधी, एवढंच लिहिलेलं असतं. आईच्या हृदयाचा व्हॉल्व्ह बदलला त्याला आता चार वर्षं होतील. ऑपरेशनच्या आधी आम्ही डॉक्टरांना शंभर प्रश्न विचारले, धोका किती, खर्च किती, किती तास लागतील, पण घरी आणल्यावर काय करायचं हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. आणि खरं सांगायचं तर सर्जन त्यांचं काम चार-पाच तासांत चोख करून देतात, त्यानंतरची पंधरा-वीस वर्षं तो व्हॉल्व्ह घरच्या माणसांनी आणि पेशंटनेच सांभाळायचा असतो. हे आम्हाला आधी कोणी नीट बसवून सांगितलं असतं तर दोन-तीन वाईट रात्री वाचल्या असत्या, म्हणून हे सगळं लिहितेय. मी डॉक्टर नाही, त्यामुळे तुमच्या पेशंटचे आकडे आणि डोस तुमचे डॉक्टर सांगतील तेच धरायचे.

आधी व्हॉल्व्ह म्हणजे काय ते. हृदयात चार कप्पे आणि चार झडपा असतात. झडप म्हणजे एकाच बाजूला उघडणारं दार, रक्ताला पुढे जाऊ द्यायचं आणि मागे येऊ द्यायचं नाही, बस. हे दार दिवसाला साधारण एक लाख वेळा उघडतं आणि मिटतं. त्यात बिघाड दोनच प्रकारचे होतात, एक तर दार नीट उघडत नाही, त्याला स्टेनोसिस म्हणतात, नाहीतर नीट मिटत नाही आणि रक्त मागे गळतं, त्याला सगळे लीक म्हणतात. कधीकधी एकाच झडपेत दोन्ही असतं.

म्हाताऱ्या माणसांत बहुतेक वेळा अेऑर्टिक व्हॉल्व्हवर, म्हणजे हृदयातून शरीराकडे रक्त सोडणाऱ्या झडपेवर, कॅल्शियम साचून तो कडक होतो. पण आपल्याकडे तरुण आणि मध्यमवयीन पेशंटमध्ये, त्यातही बायकांमध्ये, मोठं कारण म्हणजे लहानपणी होऊन गेलेला रुमॅटिक फिव्हर. पाच ते पंधरा वयातल्या मुलाचा घसा स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूने दुखतो, तो बराही होतो, पण शरीराने त्या जंतूशी लढायला जी फौज उभी केलेली असते ती चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर तुटून पडते. सांधे आठवड्या-दोन आठवड्यांत उतरतात, झडपेवरचा व्रण मात्र राहतो आणि वीस-तीस वर्षांत ती जाड आणि आखडलेली होते. आई दहा वर्षांची असताना तिचे गुडघे सुजले होते, मग घोटे, ताप होता, आजीने वाताचं दुखणं म्हणून निर्गुडीचा पाला बांधला. सत्तेचाळीस वर्षांनी कार्डिओलॉजिस्टनी तिला "लहानपणी कधी सांधे सुजले होते का" असं विचारलं तेव्हा ती माझ्याकडे बघतच राहिली.

आईचा खराब झालेला व्हॉल्व्ह मायट्रल, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप. निरोगी मायट्रल व्हॉल्व्ह उघडल्यावर साधारण ४ ते ६ चौरस सेंटिमीटर जागा होते. ती दीडच्या खाली गेली की आजार गंभीर धरतात. रक्त पुढे सरकत नाही म्हणून मागे फुफ्फुसात तुंबतं, आणि मग जिना चढताना धाप लागते, रात्री आडवं झालं की खोकला येतो, एका उशीच्या दोन उशा होतात, दोनाच्या तीन. आईचं दोन वर्षं दमा म्हणून पंपावर चाललं होतं. घरातल्या बाईला धाप लागली की वजन वाढलंय, रक्त कमी आहे, वय झालं असंच म्हटलं जातं, आणि साधा टूडी इको करायला वर्ष-दोन वर्षं निघून जातात. टूडी इको म्हणजे छातीची सोनोग्राफीच, सुई नाही, दुखत नाही, अर्ध्या तासात कोणता व्हॉल्व्ह किती खराब आहे ते कळतं.

प्रत्येक खराब व्हॉल्व्ह लगेच बदलायचा नसतो. अरुंद झालेला मायट्रल अजून लवचिक असेल, लीक फार नसेल आणि आत गुठळी नसेल तर मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन तो मोकळा करता येतो, छाती उघडावी लागत नाही. काही लीक व्हॉल्व्ह रिपेअर होतात, आणि नीट होत असेल तर रिपेअरच बरा, कारण स्वतःचाच व्हॉल्व्ह राहतो. अेऑर्टिक व्हॉल्व्ह अरुंद असलेल्या वयस्कर पेशंटना हल्ली टावी करतात, मांडीतूनच नवीन व्हॉल्व्ह आत बसवतात. ते पहिल्यांदा २००२ मध्ये फ्रान्समध्ये अ‍ॅलन क्रिबिए यांनी केलं. पण रुमॅटिकने जाड झालेला, लीकही असलेला आईसारखा मायट्रल असेल तर बहुतेक वेळा छाती उघडून बदलणं हाच रस्ता उरतो.

मग प्रश्न येतो, कुठला व्हॉल्व्ह बसवायचा, मेटलचा की टिश्यूचा. हा निर्णय सर्जन एकटे घेत नाहीत, तुम्हाला विचारतात, आणि तो फॉर्म हातात असताना कॉरिडॉरमध्ये उभं राहून घ्यायचा नसतो, त्यामुळे घरी बसून आधीच बोला. मेटलचा म्हणजे मेकॅनिकल व्हॉल्व्ह झिजत नाही, पण त्यावर रक्ताची गुठळी बसू शकते म्हणून रक्त पातळ करायची गोळी जन्मभर. टिश्यू व्हॉल्व्ह गाय किंवा डुकराच्या टिश्यूपासून बनवतात, त्याला ती गोळी बहुतेक वेळा तीन ते सहा महिनेच लागते, पण तो साधारण दहा-पंधरा वर्षांत खराब होतो आणि तरुण माणसात अजून लवकर. म्हणून ढोबळमानाने पन्नाशी-साठीच्या आतल्यांना मेटलचा आणि पासष्टीच्या पुढे टिश्यूचा सुचवतात. पण वय हा एकच हिशोब नाही. मूल व्हायचं आहे अशा मुलीच्या पोटातल्या बाळाला वॉरफरिन, म्हणजे ही रक्त पातळ करायची गोळी, अपाय करू शकते, तिथे सगळं गणित बदलतं आणि हे लाजून राहून न जाता आधीच स्पष्ट बोलायला हवं. ज्याच्या गावात आयएनआर तपासायची लॅबच नाही, महिन्याला तालुक्याला जाणं जमणारच नाही, त्यानेही हे सांगायला हवं. आईचे ठोके आधीच अनियमित झाले होते आणि तिला ती गोळी तशीही चालूच राहणार होती, म्हणून सत्तावन्नाव्या वर्षी मेटलचा ठरला.

मेटलचा व्हॉल्व्ह पहिल्यांदा मायट्रलच्या जागी यशस्वी बसला तो १९६० मध्ये अमेरिकेत, सर्जन अल्बर्ट स्टार आणि इंजिनिअर लोवेल एडवर्ड्स यांचा, पिंजऱ्यात एक गोळी वरखाली होणारा. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या टीमने अनेक वर्षं खपून स्वतःचा व्हॉल्व्ह बनवला, आधीची मॉडेल फसली तरी सोडलं नाही, आणि डिसेंबर १९९० मध्ये तो पहिल्यांदा पेशंटला बसला. बाहेरून येणारे व्हॉल्व्ह महाग होते तेव्हा या चित्रा व्हॉल्व्हमुळे साध्या घरातली कितीतरी माणसं जगली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. "इंडियन आहे म्हणजे हलका असेल" असं वॉर्डात ऐकलं की म्हणूनच वाईट वाटतं.

पैशाचं थोडक्यात. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत व्हॉल्व्ह बदलायचं ऑपरेशन बसतं, आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथे रेशनकार्ड आणि आधार घेऊन अ‍ॅडमिट होण्याआधी जायचं, कारण मंजुरी आधी घ्यावी लागते. दोन्ही कार्डांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना ते आजच बघा, आमचे चार दिवस त्यातच गेले. चौकशीचा नंबर १५५३८८. धर्मादाय हॉस्पिटल असेल तर तिथे १० टक्के बेड निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायचा नियम आहे, त्यासाठी सोशल वर्करना भेटायचं.

आता तयारी. रक्त-लघवी, एक्स-रे, इको, गरज पडली तर घशातून नळी घालून करतात तो इको, चाळिशीच्या पुढे बहुतेकांची अँजिओग्राफी, हे हॉस्पिटलच करून घेतं. घरच्यांनी बघायचं ते वेगळंच असतं.

पहिलं म्हणजे दात. ऐकून नवल वाटेल पण हृदयाच्या ऑपरेशनआधी डेंटिस्टची चिठ्ठी मागतात, कारण किडलेल्या दातातले, सुजलेल्या हिरड्यातले जंतू रक्तात उतरून नव्या व्हॉल्व्हवर जाऊन बसू शकतात आणि तिथे बसले की काढणं फार अवघड. आईच्या दोन दाढा काढाव्या लागल्या. त्यावेळी कळलं की ती तीस वर्षं मिश्री लावते हे तिने कुठल्याच डॉक्टरला सांगितलं नव्हतं. "तंबाखू खाता का" याला ती प्रामाणिकपणे "नाही" म्हणायची, कारण तिच्या लेखी मिश्री म्हणजे दात घासणं. मिश्री, तपकीर, बिडी, काय असेल ते सांगा आणि जमेल तितक्या आधी बंद करा, एक-दोन महिने आधी बंद झालं तर भूल आणि फुफ्फुस दोन्हीला सोपं जातं.

दुसरं, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून न्या, नावं सांगत बसू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, शुगरच्या काही गोळ्या ऑपरेशनच्या काही दिवस आधी बंद करतात, कुठली कधी ते डॉक्टर लिहून देतात. त्या पिशवीत गुडघ्याचं चूर्ण, लसणाच्या कॅप्सूल, शेजारणीने दिलेला काढा, सगळं टाका.

तिसरं, ते तीन बॉलचं खेळणं. स्पायरोमीटर म्हणतात त्याला, नळीतून श्वास आत ओढला की निळे-पिवळे बॉल वर जातात. लोक ते ऑपरेशननंतर हातात घेतात, तेव्हा छाती दुखत असते आणि एकही बॉल उचलत नाही. दोन आठवडे आधीपासून सवय लावा, फुंकायचं नाही, आत ओढायचं. खरं काम फुफ्फुसाचा तळाचा भाग उघडण्याचं आहे, नाहीतर ऑपरेशननंतर तिथे कफ बसून न्यूमोनिया होतो.

आणि बायकांचं एक वेगळं. ऑपरेशन थिएटरमध्ये जाताना अंगावर धातू चालत नाही. आईची जोडवी पायाला सूज असल्यामुळे निघेनात, शेवटी सिस्टरनी साबण लावून, दोरा गुंडाळून काढली, आणि मंगळसूत्र काढताना आईचा चेहरा असा झाला की बाबांनी ते तिच्यासमोर स्वतःच्या शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून बटण लावलं. हे ऑपरेशनच्या सकाळी घाईत करण्यापेक्षा दोन दिवस आधी घरी करा. नेलपॉलिश आणि नखांवरची मेंदीही नको, बोटाला ऑक्सिजनचं मशीन लावायचं असतं.

ऑपरेशनमध्ये छातीचं मधलं हाड उभं कापतात, रक्त हार्ट-लंग मशीनवर घेतात, हृदय औषधाने थांबवतात, जुना व्हॉल्व्ह काढून नवा शिवतात, हृदय परत चालू करतात आणि हाड स्टीलच्या तारांनी बांधतात. त्या तारा जन्मभर आतच राहतात. नंतर आयसीयूत पहिल्यांदा बघायला जाल तेव्हा मनाची तयारी ठेवा, तोंडात नळी, मानेत सुई, पोटाच्या वरून निघालेल्या दोन जाड नळ्या, लघवीची पिशवी, चेहरा सुजलेला, हात हलके बांधलेले. हे सगळं अपेक्षित असतं. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या रात्री बऱ्याच पेशंटना भ्रम होतो, वयस्करांना जास्त. आई मला म्हणाली, "गोठ्याचं दार कोण उघडं टाकून गेलं, वासरू बाहेर गेलंय." आमचा गोठा पंधरा वर्षांपूर्वी मोडला. मी बाहेर येऊन रडले. दोन दिवसांत ती पूर्ण ठिकाणावर आली. अशा वेळी वाद घालायचा नाही, हात धरून दिवस कुठला, आपण कुठे आहोत हे शांतपणे सांगायचं, चष्मा आणि कानाचं मशीन असेल तर सिस्टरना विचारून लावून द्यायचं.

साधारण आठवड्याभरात घरी सोडतात. खरं काम इथून सुरू.

छातीचं हाड जुळायला सहा ते आठ आठवडे आणि पक्कं व्हायला तीन महिने लागतात. हात मोडला तर प्लास्टर घालतो, इथे प्लास्टर घालता येत नाही, दर श्वासाला छाती हलतेच, म्हणून नियम पाळणं हेच प्लास्टर. दोन-तीन किलोच्या वर काही उचलायचं नाही, म्हणजे भरलेली बादली नाही, कुकर नाही, पिठाचा डबा नाही, नातवाला कडेवर नाही. जड दार ढकलायचं नाही, हातांवर जोर देऊन उठायचं नाही. उठताना आधी कुशीला वळायचं, पाय खाली सोडायचे आणि कोणीतरी पाठीमागून खांद्याला आधार द्यायचा, दंडाला धरून ओढायचं नाही. खोकला-शिंक आली की उशी छातीशी घट्ट धरायची, ही उशी पहिले दीड महिने घरभर बरोबर फिरते. जमिनीवर मांडी घालून बसणं बंद, कारण बसताना नाही पण उठताना हातावर भार येतोच. आमच्याकडे भारतीय पद्धतीचा संडास, त्यामुळे डिस्चार्जच्या आदल्या दिवशी मेडिकलमधून प्लास्टिकची कमोड खुर्ची आणली, ती नसती तर पहिल्याच सकाळी पंचाईत होती. कुंथणंही नको, इसबगोल किंवा डॉक्टरांनी दिलेलं पातळ औषध सुरुवातीपासून घ्या, कारण दुखण्याच्या गोळ्यांनी पोट गच्च होतं.

जखम साध्या साबण-पाण्याने धुवायची आणि टिपून कोरडी करायची. हळद नाही, तेल नाही, पावडर नाही, अंगारा कपाळाला लावा, जखमेला नको. बायकांनी पुढून उघडणारे गाऊन आणि मऊ सुती ब्रा वापरावी, छातीचा भार जखमेवर ओढ देतो आणि खालचं टोक उघडायची भीती असते, हे आम्हाला एका वयस्कर सिस्टरनी बाजूला घेऊन सांगितलं.

चालणं मात्र पहिल्या दिवसापासून. आधी घरातल्या घरात पाच-पाच मिनिटं चार-पाच वेळा, मग अंगणात, मग दीड महिन्यात सलग अर्धा तास. चालताना वाक्य पूर्ण बोलता आलं पाहिजे, धाप लागून तुटत असेल तर वेग जास्त आहे. टू-व्हीलर दोन ते तीन महिने नाही, मागे बसूनही नाही, आपल्या रस्त्यांचे खड्डे माहीतच आहेत. ऑफिसचं काम असेल तर दोन महिन्यांत जमतं, शेतातलं किंवा ओझ्याचं असेल तर तीन महिने तरी थांबा आणि डॉक्टरांना विचारून जा. नवरा-बायकोचे संबंध दोन जिने न थांबता चढता आले की चालतात, छातीवर भार न घेता, हा प्रश्न कोणी विचारत नाही म्हणून लिहिला.

रोज सकाळी लघवीनंतर, चहाच्या आधी वजन करा. एका दिवसात एक किलो किंवा दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते अन्न नव्हे, अंगात साठलेलं पाणी आहे, डॉक्टरांना फोन. मीठ कमी म्हणजे आमटीत कमी करून पापड-लोणचं चालू ठेवणं नाही, पापड, लोणचं, फरसाण, ठेचा यातच खरं मीठ असतं. पहिला महिना तोंडाला चव नसते, थोडं थोडं सहा वेळा द्या. मन उदास होतं, कारण नसताना रडू येतं, रात्री झोप लागत नाही, हे बऱ्याच जणांना होतं आणि हळूहळू कमी होतं, महिन्याभराने वाढतच असेल तर तेही डॉक्टरांना सांगायचं दुखणं आहे. भेटायला येणाऱ्यांना पहिले दोन आठवडे फोनवरच थांबवा, सर्दी-खोकला असलेल्यांना तर नक्कीच.

आता ती वही.

रक्त पातळ करायची गोळी म्हणतात, पण रक्त पाण्यासारखं पातळ होत नाही, फक्त गोठायला जास्त वेळ लागतो. आयएनआर म्हणजे तो वेळ मोजायचा आकडा. गोळी न घेणाऱ्या माणसाचा १ च्या आसपास असतो. मेटलचा अेऑर्टिक व्हॉल्व्ह असेल तर साधारण २ ते ३, मायट्रल असेल तर २.५ ते ३.५ मध्ये ठेवतात. खाली गेला तर व्हॉल्व्हवर गुठळी, त्यातून व्हॉल्व्ह अडकणं नाहीतर मेंदूत जाऊन लकवा. वर गेला तर रक्तस्राव. रस्ता अरुंद आहे आणि दोन्ही बाजूंना खोल. सुरुवातीला आठवड्यातून एक-दोनदा तपासतात, बसला की चार आठवड्यांनी.

आपल्याकडे दोन गोळ्या चालतात, वॉरफरिन आणि निकोमालोन, ज्याला बरेच जण अ‍ॅसिट्रॉम म्हणून ओळखतात. दोन्हींचे मिलिग्रॅम सारखे नाहीत, त्यामुळे मेडिकलवाला "तीच कंपनी नाही, पण सेमच आहे" म्हणाला तरी बदलून घ्यायची नाही, आणि एक, दोन, तीन मिलिग्रॅमच्या स्ट्रिप बघूनच घ्यायच्या. रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी. विसरली आणि त्याच रात्री आठवलं तर घ्या, दुसऱ्या दिवशी आठवलं तर सोडून द्या आणि वहीत लिहा, डबल कधीच नाही. हल्ली ज्या नव्या गोळ्या आल्यात, ज्यांना आयएनआर लागत नाही म्हणतात, त्या मेटलच्या व्हॉल्व्हला चालत नाहीत. शेजारच्या काकांना चालतात कारण त्यांचा आजार वेगळा.

पालेभाजी बंद करा असं सगळे सांगतात, ते अर्धवट आहे. पालक, मेथी, शेपू, कोबी, अळू, शेवग्याचा पाला यात व्हिटॅमिन के असतं आणि ते गोळीच्या उलट काम करतं. पण डोस तुमच्या खाण्यावरच बसवलेला असतो, म्हणून दर आठवड्याला साधारण तेवढीच भाजी खाल्ली तर काही बिघडत नाही. बिघडतं ते उड्या मारल्यावर. पावसाळ्यात टाकळा, कुर्डूची भाजी रोज ताटात आली की आईचा आकडा खाली यायचा, आणि नवरात्रात नऊ दिवस उपास धरले की वर. वहीत आकड्याशेजारी "उपास", "रानभाजी", "ताप होता" असं एका शब्दात लिहायला लागल्यावर हे आमच्या लक्षात आलं, डॉक्टरांनाही एका नजरेत कळतं.

सगळ्यात जास्त धोका मात्र दुसऱ्या औषधांचा. ऑपरेशननंतर पाचव्या महिन्यात आईला जुलाब झाले. जवळच्या दवाखान्यात नेलं, मेट्रोनिडाझोल दिली, जी लाखो लोक घेतात. तिच्या व्हॉल्व्हच्या गोळीबद्दल त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी चूळ भरली तर बेसिनमध्ये लाल पाणी, हातावर कुठे आपटलं नसताना रुपयाएवढे निळे डाग. आयएनआर ६.८. एक रात्र अ‍ॅडमिट, गोळी दोन दिवस बंद, तीही डॉक्टरांनी सांगितल्यावर. ते औषध त्या गोळीचा जोर कितीतरी वाढवतं आणि वर जुलाबात पोटात अन्न नव्हतं. तेव्हापासून आईच्या पर्समध्ये एक जाड कार्ड आहे, "माझ्या हृदयात मेटलचा व्हॉल्व्ह आहे, मी रक्त पातळ करायची गोळी घेते", आणि ते कुठल्याही डॉक्टरच्या टेबलावर आधी ठेवायचं. दुखण्यावर स्वतःहून फक्त पॅरासिटामॉल, तीही जास्त दिवस नाही, अंगदुखीच्या बाकी गोळ्या आणि कमरेवरची इंजेक्शनं विचारल्याशिवाय नकोत. नवीन अँटिबायोटिक सुरू झालं की तीन-चार दिवसांत आयएनआर करायचा.

ताप हा वेगळाच विषय आहे. व्हॉल्व्ह बदललेल्या माणसाला थंडी वाजून ताप आला किंवा बारीक ताप दोन-तीन दिवस रेंगाळला तर व्हॉल्व्हला इन्फेक्शन तर नाही ना हे आधी बघायचं असतं, आणि त्यासाठी अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जंतू आहेत का ते बघायची तपासणी, लागतं. आधीच दोन गोळ्या घेतल्या तर जंतू तपासणीत सापडत नाही आणि डॉक्टर अंधारात चाचपडतात. म्हणून ताप आला की मेडिकलमधून गोळी आणायची नाही, आपल्या कार्डिओलॉजिस्टला फोन करायचा. दात काढायचा, रूट कॅनल किंवा दात साफ करायचे असले की तासभर आधी अँटिबायोटिकचा एक डोस घ्यावा लागतो, डेंटिस्टला कार्ड दाखवा. रुमॅटिक फिव्हर परत येऊ नये म्हणून पेशंटला ठरावीक दिवसांनी देतात ते पेनिसिलिनचं इंजेक्शन व्हॉल्व्ह बदलला म्हणून आपोआप बंद होत नाही, किती वर्षं घ्यायचं ते विचारून ठेवा.

आणि पळायचं कधी. तोंड वाकडं झालं, बोबडी वळली, एक हात-पाय लुळा पडला, अचानक श्वास कोंडला, चक्कर येऊन पडला, डोक्याला मार लागला, शी डांबरासारखी काळी झाली, तर सकाळची वाट बघायची नाही, १०८ लावा. जखमेतून पू, शंभराच्या वर ताप, कूस बदलताना छातीचं हाड कटकट वाजणं, हे त्याच दिवशी दाखवायचं. एक खूण फक्त मेटलच्या व्हॉल्व्हची. त्याचा टिकटिक आवाज येतो, बारीक, रात्री सगळं शांत झालं की शेजारी झोपलेल्यालाही ऐकू जातो. पहिले काही दिवस आईला त्याने झोप येईना, आता तो आवाज तिच्या इतका सवयीचा झालाय की लक्षही जात नाही. पण तो आवाज अचानक दबका झाला किंवा बंद झाला आणि धाप लागत असेल तर व्हॉल्व्ह गुठळीने अडकलेला असू शकतो, तेव्हा मिनिटं मोजायची. म्हणून घरातल्या एका तरी माणसाला तो आवाज ओळखीचा पाहिजे. आमच्याकडे बाबांना आहे, ते झोपायच्या आधी टीव्ही बंद करून दोन मिनिटं काही न बोलता बसतात.

मागच्या सोमवारी आईचा आयएनआर २.९ आला. बाबांनी वहीत लिहिला, डोस तोच, पुढची तारीख चार आठवड्यांनी, आणि बाजूला "मेथी, दोनदा".